बाप्तिस्मा, जात आणि अर्जावरील रकाना

नंदुरबार तालुक्यातील रनाळे या गावी वर्षावासाच्या काळात प्रवचनासाठी जाण्याचा योग आला असता एका वृद्ध उपासकांनी आम्हांस विचारले, “ख्रिस्ती लोक प्रेमाचा उपदेश करतात, मग त्यांच्यात जात कशी उरली?” प्रश्नात उपहास होता, बैठकीत हशाही पिकला. त्या वेळी पुरते उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न परमपूज्य बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाच्या तोंडावरच मांडला होता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपले मन वेधून घेतल्याचे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. आणि त्याच भाषणात दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज लढत नाही, हेही सुनावले. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरील त्यांचे विवेचन पुढे १९८९ साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आले. त्यात त्यांचा रोख ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर नाही. ती शिकवण स्वीकारूनही ज्यांनी अस्पृश्याला अस्पृश्यच ठेवले, त्यांच्यावर आहे.

तथापि सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचेच पाहावे. चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या कवीने १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्या अंगवळणी पडलेले सोवळे मात्र एका रात्रीत सुटले नाही. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्या कित्येक वर्षे शिवाशीव पाळीत होत्या, आणि ती हळूहळू कशी गळून पडली हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. स्वतःची विसंगती अशी उघड करणाऱ्या बाईंना ढोंगी म्हणण्यास आमची लेखणी धजत नाही. टिळकांनी तर १९१७ साली मिशनची वेतनी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. भजन-कीर्तनातून, देशी वळणाने ख्रिस्तभक्ती करावी हा त्यांचा ध्यास होता. जातीचा प्रश्न त्याने सुटला असे आम्ही म्हणत नाही. पण उक्तीसाठी पगारावर पाणी सोडणारा माणूस विरळाच.

पाली वाङ्मयात तथागतांना ‘यथावादी तथाकारी’ म्हटले आहे. धम्मपदाच्या यमकवग्गात, पुष्कळ वचने मुखोद्गत असूनही तसे न वागणाऱ्याला दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. गुरे राखणाऱ्या खानदेशात तिचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. पण हा गुराखी केवळ चर्चमध्येच आढळतो काय?

येथे कायद्याकडे वळावे लागते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मूलतः हिंदूंपुरता, तसेच शिखांतील काही जातींपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. म्हणजे चर्चमध्ये जात भोगावयाची, आणि सरकारदरबारी ती नाहीच असे ऐकून घ्यावयाचे. मग कोणी सवलतीसाठी कागदावर हिंदू राहतो आणि रविवारी प्रार्थनेला जातो. त्याचे लपवणे आणि सत्तेच्या जोरावर वेगळे बाक राखणाऱ्यांचे ढोंग, ही दोन्ही आम्हांला एका जातीची वाटत नाहीत. पहिल्याला भुकेचे कारण आहे.

आणि १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे आपण काय करीत होतो? महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या. परंतु केंद्राच्या नोकरीसाठी दीक्षा घेतलेल्या कित्येकांनी धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिले. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. लग्नाच्या बोलणीत मात्र कोणताही सरकारी रकाना आडवा येत नाही. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरांतून अजूनही पोटजात विचारली जाते, तिला कोणत्या आदेशाची सबब सांगावी?

रनाळ्यातील बैठक संपल्यावर ते उपासक आम्हांस फाट्यापर्यंत पोचवावयास आले. चालता चालता ते हळू आवाजात म्हणाले, “भाऊसाहेब, थोरल्याच्या अर्जावर मीच हिंदू महार लिहिले होते. घरात तर रोज त्रिशरण होते.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “त्या ख्रिस्ती माणसाला हसायला नको होते का?”