आल्टगेल्डची निवडणूक : इलिनॉय, १८९६

लोकांनीं निवडून दिलेल्या अधिकाऱ्यानें लोकांच्या मर्जीप्रमाणें वागावयाचें कीं आपल्या विवेकबुद्धीप्रमाणें, हा प्रश्न लोकशाहीइतकाच जुना आहे. ग्रंथांत त्याचें उत्तर देणें सोपें असतें. निवडणूक तोंडावर आली असतां तें देणें तितकें सोपें नसतें. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानाचा गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड याच्यावर असाच प्रसंग आला. १८९६ सालीं तो दुसऱ्यांदा निवडणुकीस उभा राहिला, तेव्हां मागील चार वर्षांतील त्याचें एकेक कृत्य मतदारांपुढें मांडलें गेलें.

भारतांत राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपति करतात. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत मात्र गव्हर्नर हा प्रत्येक संस्थानाच्या जनतेनें निवडलेला प्रमुख असतो. कायदेमंडळानें संमत केलेलें बिल परत पाठविणें, संस्थानाचें सैन्य बोलावणें, कैद्यांना क्षमा करणें हे अधिकार त्याच्या हातीं असतात. म्हणून अधिकारावर असलेला गव्हर्नर पुन्हा मतें मागतो तेव्हां ती निवडणूक म्हणजे एक प्रकारें जमाखर्चाची तपासणीच होय. नव्या उमेदवाराला वचनांवर निभावून नेतां येतें. जुन्याला कृत्यांचा जबाब द्यावा लागतो.

आल्टगेल्डचा जन्म १८४७ सालचा, जर्मनींतील. तान्हा असतांनाच आईबापांबरोबर तो अमेरिकेंत आला. ओहायोमध्यें शेतकऱ्याच्या घरीं वाढला, सोळाव्या वर्षीं यादवी युद्धांत शिपाई झाला, पुढें वकिलीचा अभ्यास करून १८७५ सालीं शिकागोस आला. जमिनी व इमारतींच्या व्यवहारांत त्यानें बराच पैसा मिळविला. परंतु पैशाबरोबर येणारी बेफिकिरी त्याच्या अंगीं आली नाहीं. गरिबांना तुरुंगाची वाट कशी दाखविली जाते याविषयीं त्यानें १८८४ मध्यें एक पुस्तक लिहिलें. नंतर कांहीं वर्षें तो न्यायाधीश होता. १८९२ च्या निवडणुकीत अधिकारारूढ रिपब्लिकन गव्हर्नर जोसेफ फायफर याचा पराभव करून तो निवडून आला. परदेशांत जन्मलेला असा इलिनॉयचा तो पहिलाच गव्हर्नर.

त्याच्यापुढें जें प्रकरण वाढून ठेवलेलें होतें तें सहा वर्षांपूर्वींचें होतें. १८८६ च्या मे महिन्यांत आठ तासांच्या दिवसासाठीं शिकागोच्या मजुरांनीं संप केला. ४ मेच्या रात्रीं हेमार्केट चौकांतील सभा पोलीस उधळूं लागले तोंच कोणीं एक बाँब फेंकला. सात पोलीस प्राणास मुकले. बाँब कोणीं फेंकला हें शेवटपर्यंत सिद्ध झालें नाहीं. तरी आठ अराजकवादी पुढाऱ्यांवर खटला होऊन सातांस फांशीची व एकास पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ११ नोव्हेंबर १८८७ रोजीं चौघे फांशीं गेले. त्याच्या आदल्या दिवशीं एकानें कोठडींतच जीव दिला होता व दोघांची शिक्षा कमी करून जन्मठेप करण्यांत आली होती. अशा रीतीनें तिघे तुरुंगांत राहिले.

या तिघांस सोडावें असे अर्ज शिकागोंतील कित्येक प्रतिष्ठित गृहस्थांनींही केले होते. “शिक्षा पुरे झाली, आतां दया करावी,” एवढेंच लिहून आल्टगेल्डला मोकळें होतां आलें असतें. त्यानें खटल्याचे कागद स्वतः वाचून काढले आणि २६ जून १८९३ रोजीं तिघांस क्षमा केली. त्या क्षमापत्रांत दयेचा शब्द नव्हता, न्यायाचा होता. ज्यूरी चिठ्ठ्या काढून न नेमतां दोषी ठरविणारेच लोक हेरून बसविले गेले, बाँब फेंकणाऱ्याशीं आरोपींचा संबंध पुराव्यानें जुळला नाहीं, आणि न्यायाधीशानें पक्षपात केला, असें त्यानें सविस्तर दाखवून दिलें. दयेमुळें कोणाचा मान जात नाहीं. पण “अन्याय झाला” असें म्हटल्याबरोबर ज्यांनीं तो केला व ज्यांनीं टाळ्या पिटल्या त्या सर्वांच्या वर्मीं घाव बसतो. व्यवहारी माणसाच्या दृष्टीनें हें हात दाखवून अवलक्षणच होतें. वर्तमानपत्रांनीं त्याला अराजकवाद्यांचा साथीदार ठरविलें.

दुसऱ्या वर्षीं दुसरें वादळ उठलें. शिकागोजवळ पुलमन कंपनीनें मजुरी कमी केली. पण मजूर ज्या घरांत राहत त्या कंपनीच्याच घरांचें भाडें तसेंच ठेविलें. संप झाला आणि रेल्वेच्या कामगारांनीं त्यांना पाठिंबा दिला. टपाल अडते या सबबीवर अध्यक्ष क्लीव्हलंड यानें जुलै १८९४ मध्यें मध्यवर्ती सरकारचें सैन्य शिकागोंत घातलें. गव्हर्नरला विचारलें नाहीं. आल्टगेल्डनें तारेनें निषेध केला: संस्थानचें सैन्य सज्ज आहे, कोणीं मदत मागितलेली नाहीं, मग हें आक्रमण कशासाठीं? गंमत ही कीं क्लीव्हलंड त्याच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. पुढें सर्वोच्च न्यायालयानें अध्यक्षाचीच बाजू उचलून धरली.

याखेरीज कारखान्यांतील मुलांचे व स्त्रियांचे हाल कमी करण्यासाठीं १८९३ मध्यें कायदा झाला आणि तपासणीचें मुख्य काम फ्लॉरेन्स केली या विदुषीकडे आलें. त्या कायद्यांतील स्त्रियांच्या आठ तासांचें कलम न्यायालयानें १८९५ सालीं रद्द ठरविलें. ट्रामवाले भांडवलदार चार्ल्स यर्कीझ याला शिकागोच्या रस्त्यांचा दीर्घ मुदतीचा मक्ता देणारीं बिलें आल्टगेल्डनें त्याच वर्षीं नामंजूर केलीं. मात्र विरुद्ध पक्षाच्या नोकरांना काढून आपल्या पक्षाच्या माणसांस जागा देण्याची त्या काळची रीत त्यालाही सुटली नव्हती, हेंही नमूद केलें पाहिजे.

अशी शिदोरी घेऊन तो १८९६ च्या निवडणुकीस उभा राहिला. त्या सालीं सोनें कीं रुपें हा नाण्याचा वाद देशभर पेटला होता. कर्जबाजारी शेतकऱ्यांस रुप्याचें नाणें हवें होतें, पेढीवाल्यांस सोन्याचें. जुलैमध्यें शिकागोंतच डेमोक्रॅटिक पक्षाची परिषद भरली. रुप्याच्या बाजूनें व क्लीव्हलंडच्या धोरणाविरुद्ध ठराव करून घेण्यांत आल्टगेल्डचा मोठा हात होता. अध्यक्षपदासाठीं ब्रायनची निवड झाली. आल्टगेल्डला ती वाट जन्मानेंच बंद होती. जो जन्मानें अमेरिकन नागरिक नाहीं त्यास घटनेप्रमाणें अध्यक्ष होतां येत नाहीं. सोन्याच्या बाजूचे डेमोक्रॅट फुटून निघाले आणि त्यांनीं इलिनॉयच्याच पामरला अध्यक्षपदासाठीं उभें केलें.

गव्हर्नरपदासाठीं रिपब्लिकन पक्षातर्फें जॉन टॅनर उभा होता. पण प्रचाराचा मारा टॅनरच्या गुणांवर नव्हे, आल्टगेल्डच्या दोषांवर बेतलेला होता. क्षमापत्र पुन्हा बाहेर काढण्यांत आलें. पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट ऑक्टोबरमध्यें शिकागोस आला व त्यानें आल्टगेल्डवर कडक टीका केली. व्यंगचित्रकारांनीं तर त्याला ब्रायनच्या पाठीमागचा राक्षस करून टाकलें.

नोव्हेंबरमध्यें निकाल लागला. टॅनरला सुमारें ५ लाख ८७ हजार, आल्टगेल्डला सुमारें ४ लाख ७४ हजार मतें पडलीं. क्षमापत्राबद्दल जनतेनें त्याला शासन केलें असें तेव्हांपासून सांगण्यांत येतें. आंकडे मात्र निराळें बोलतात. १८९२ सालीं विजयी झाला तेव्हां त्याला सुमारें ४ लाख २५ हजार मतें होतीं. म्हणजे हरतांना त्याला जिंकतांनापेक्षां अधिक मतें मिळालीं. इलिनॉयमध्यें ब्रायनला पडलेल्या मतांपेक्षांही त्याचीं मतें कांहीं हजारांनीं जास्त होतीं. विरुद्ध बाजूचा लोंढा मोठा होता व तो देशभर होता. त्यांत आल्टगेल्ड वाहून गेला. क्षमापत्रानें कांहीं मतें गमावलीं असतील, पण तेवढ्यानेंच तो पडला असें म्हणतां येत नाहीं.

जानेवारी १८९७ मध्यें नव्या गव्हर्नरच्या शपथविधीच्या वेळीं जुन्यानें निरोपाचें भाषण करण्याचा प्रघात होता. आल्टगेल्डला तें करूं दिलें नाहीं. त्याच वर्षीं ट्रामवाल्यांना हवा तसा कायदा टॅनरच्या सहीनें झाला. लोकक्षोभामुळें १८९९ मध्यें तो रद्द करावा लागला. त्याच सालीं आल्टगेल्ड शिकागोच्या मेयरपदासाठीं उभा राहून हरला. संपत्तीही गेली होती. अखेर क्लॅरेन्स डॅरो या नामांकित वकिलाच्या कचेरींत त्यानें पुन्हा वकिली आरंभिली. १९०२ च्या मार्च महिन्यांत बोअर लोकांच्या बाजूनें भाषण केल्यानंतर कांहीं तासांतच त्याचें देहावसान झालें.

१९१५ सालीं शिकागोच्या लिंकन पार्कांत त्याचा पुतळा उभारला गेला. १९५६ मध्यें जॉन केनेडी यानें राजकारणांतील धैर्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही आल्टगेल्डचें नांव आहे. मतपेटी गव्हर्नर कोण हें ठरविते आणि तें तिनें ठरविलेंच पाहिजे. पण खटला न्यायानें झाला कीं नाहीं हें मतें मोजून ठरत नाहीं. आल्टगेल्डनें हा भेद ओळखला, आणि पद जाण्याची शक्यता दिसत असतांही क्षमापत्रांतील एक शब्द मागें घेतला नाहीं.