जुन्या डिझेल ट्रॅक्टरचं इंजिन ठोकतंय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षं चालला की कधीतरी इंजिनमधून ‘टक टक’ आवाज सुरू होतो. कुणी म्हणतं टॅपेट वाजतायत, कुणी म्हणतं नोझल गेलंय, तर कुणी थेट इंजिन बांधून घ्यायला सांगतं. तिघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं. पण टॅपेट वाजत असतील तर हातातलं काम उरकून दुरुस्ती करता येते. बेअरिंग वाजत असेल तर उसाची एक खेप कारखान्यावर पोचवेपर्यंत क्रँक खराब होऊ शकते. म्हणून आवाज कशाचा आहे, हे आधी ठरवायला हवं.

डिझेल इंजिन मुळातच का ठोकतं?

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा साधारण १६ ते १८ पट दाबतो. त्यामुळे हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून आलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेल आत गेल्यावर पेटायला अगदी थोडा वेळ लागतो. हा वेळ लांबला की साठलेलं डिझेल एकदम भडकतं आणि ठोका ऐकू येतो. थंडीत सकाळी इंजिन जास्त खडखडतं आणि तापल्यावर शांत होतं, ते यामुळेच. एवढा आवाज नेहमीचा समजायचा. नवा, वाढत जाणारा किंवा लोड आल्यावर बदलणारा आवाज मात्र तपासायलाच हवा.

सगळ्यात आधी ऑइल

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर भरा. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये मिसळतंय. असं पातळ ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. इंजिन पुन्हा सुरू करू नका.

ऑइल ठीक असेल तर इंजिन सुरू करून ऑइल प्रेशरचा काटा बघा. क्रँक आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर असतो. बेअरिंग झिजलं की फट वाढते, प्रेशर उतरतं आणि धातूवर धातू आदळतो. ठोका आणि कमी प्रेशर एकत्र दिसलं, तर इंजिन तिथेच बंद करा. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर बऱ्याचदा बंद असतो. तसं असेल तर मिस्त्रीकडून वेगळा गेज लावून प्रेशर मोजून घ्या.

आवाज कुठून येतोय?

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. पंखा आणि बेल्टपासून मात्र लांब राहा.

- वरच्या कव्हरजवळ हलकी ‘टिक टिक’: बहुतेक टॅपेट. इंजिन मिनिटाला ७०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह ३५० वेळा उघडतो, म्हणून हा आवाज इंजिनच्या निम्म्या गतीने येतो. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने गॅप लावून घ्या.
- थंड असताना पोकळ आवाज, तापल्यावर कमी: पिस्टन आणि लायनरमधली झीज.
- खालून, चेंबरच्या बाजूने जड ठोका: रेस देताना-सोडताना वाजला तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आणि लोडवर वाढला तर मेन बेअरिंगचा संशय.
- क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज: क्लच, फ्लायव्हील किंवा क्रँकचं थ्रस्ट वॉशर तपासा.

एकेक सिलिंडर बंद करून बघा

ही चाचणी साधा मशिनी डिझेल पंप असलेल्या जुन्या ट्रॅक्टरवरच करायची. कॉमन रेल इंजिनवर ती जीवघेणी ठरू शकते. जुन्या इंजिनातही डिझेलची धार कातडी भेदून आत जाऊ शकते. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घाला, हात धारेसमोर नेऊ नका आणि शक्यतो हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या.

इंजिन मंद गतीवर ठेवून एका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल केला की तो सिलिंडर बंद पडतो. मग नट घट्ट करून पुढचा सिलिंडर तपासायचा. एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका गेला किंवा बराच कमी झाला, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. टॅपेटच्या आवाजाला यामुळे फारसा फरक पडत नाही.

आता प्रश्न उरतो नोझल की बेअरिंग? इंजिन बंद करून त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्या नोझलशी बदला. ठोकाही शेजारी गेला तर नोझल खराब. ठोका जागेवरच राहिला तर रॉडचं बेअरिंग, पिस्टन पिन किंवा पिस्टन बघावा लागेल.

सगळेच सिलिंडर सारखे ठोकत असतील तर भेसळीचं डिझेल किंवा पंपाचं टायमिंग पुढे गेल्याची शक्यता जास्त. पंप नुकताच काढून बसवला असेल, तर आधी टायमिंगच तपासा.

वेळेत थांबलात तर काय वाचतं?

बेअरिंग मुद्दामच क्रँकपेक्षा मऊ धातूचं केलेलं असतं, म्हणजे झिजायचं तर ते झिजावं. वेळेत थांबलात तर अनेकदा बेअरिंग बदलून काम भागतं. तसंच चालवत राहिलात तर क्रँकवर ओरखडे पडतात, मग इंजिन पूर्ण उतरवून क्रँक ग्राइंडिंगला न्यावी लागते. चेंबर खोललं तर तळाशी चमकणारा धातूचा चुरा आहे का, तेही बघा. असेल तर बेअरिंगचं काम टाळू नका.

आणि एक, मिस्त्रीला फक्त व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून निदान मागू नका. मोबाइलमध्ये खालचा जड ठोका बारीक ऐकू येतो आणि बेअरिंगचा आवाज टॅपेटचा वाटू शकतो. त्यापेक्षा ठोका थंड इंजिनात येतो की गरम, रिकामा येतो की लोडवर, प्रेशर किती आणि कोणता सिलिंडर बंद केल्यावर तो थांबतो, एवढं लिहून पाठवा.