दोन दावणींची जोडी

नीरा नदीच्या दोन्ही अंगांना, बारामती-इंदापूर एकीकडे आणि फलटण-माळशिरस दुसरीकडे, बैलगाडी शर्यतीचं मैदान झालं की पहिल्या नंबराच्या जोडीची मिरवणूक निघते, फलकावर तिचं नाव चढतं आणि बाकीच्या गाड्या पिकअपमध्ये बैल चढवून गावाला लागतात. या बाकीच्या गाड्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. खरं तर शर्यतीचा धंदा आणि नाद त्यांच्याच जिवावर चालतो. पहिला नंबर घेणाऱ्या जोड्या मोसमात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. त्यांच्या खाली, कधी सेमीला अडकणाऱ्या, कधी फायनलला येऊन चौथ्या-पाचव्यावर थांबणाऱ्या गाड्यांची एक मोठी मधली फळी असते. माझं म्हणणं असं की या पट्ट्यातल्या शर्यतीचं आजचं रूप या मधल्या फळीतल्या चुरशीने घडवलं, आणि ही चुरस शक्य झाली ती बैलजोडी फुटल्यामुळे. एका घरची, एका दावणीची जोडी गेली. बैल एकाचा, जोडीदार दुसऱ्याचा, ड्रायव्हर तिसऱ्याच गावचा, अशी गाडी आली. कोणी कोणाबरोबर पळायचं हा निर्णय पळण्याइतकाच मोलाचा झाला.

हे पुणे जिल्ह्यात सगळीकडे सारखं नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या उत्तरेकडच्या तालुक्यांत घाटातला बैलगाडा पळतो. पुढे जुकाट, मागे धुरेचे बैल, त्यांच्याही पुढे घोडी, आणि गाड्यावर हाकणारा कुणी नाही. प्रत्येक बारी एकटी सुटते आणि घड्याळाशी झुंजते. दक्षिणेकडे, नीरेच्या काठाला, रीत निराळी. इथे सपाट मैदानावर आखलेल्या चाकोऱ्यांतून हलके छकडे शेजारी-शेजारी सुटतात, चिठ्ठ्या टाकून गट पाडले जातात, गटातला पहिला सेमीला जातो आणि सेमीतले पहिले फायनलला. छकड्यावर ड्रायव्हर असतो. घाटात सेकंद मोजले जातात, तर इथे शेजारच्या गाडीच्या पुढे असणं हाच हिशेब. साहजिकच चिठ्ठीत कोण शेजारी आला, कोणती चाकोरी मिळाली, सुट्टी कशी झाली, ड्रायव्हरने कासरा कुठे आवळला आणि कुठे सोडला, या सगळ्याला घाटापेक्षा कितीतरी जास्त वजन येतं. ड्रायव्हरच्या निवडीचा प्रश्न खेड-जुन्नरच्या घाटात उभाच राहत नाही. तो बारामती-इंदापुरात राहतो.

जगात अशा प्रश्नाचा सर्वांत जास्त कीस कुठे पाडला जात असेल, तर तो फॉर्म्युला वनमध्ये. तिथेही जिंकणारे संघ एका काळात दोन किंवा तीन. बाकीचे चौथ्या ते आठव्या जागेसाठी जीव टाकतात, कारण वर्षअखेरीस संघाला मिळणारा पैसा त्याच्या क्रमांकावर ठरतो. तिथल्या गुणपद्धतीचा इतिहासही मधल्या फळीच्या बाजूने सरकलेला दिसतो. 2002 पर्यंत पहिल्या सहांना गुण मिळत, 2003 पासून आठांना आणि 2010 पासून दहांना. भारतीय नाव लावणारा फोर्स इंडिया हा संघ याच फळीतला. 2008 मध्ये उतरला, एकही शर्यत न जिंकता 2016 आणि 2017 या दोन्ही वर्षी चौथा आला, आणि 2018 च्या जुलैमध्ये देण्यांखाली दबून प्रशासकाच्या हाती गेला. ती कारवाई सुरू करणाऱ्यांत संघाचाच ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ होता. ड्रायव्हरने संघ निवडणं हा तिथे किती मोठा जुगार असतो, ते दोन उदाहरणांवरून कळतं. 2012 साली लुईस हॅमिल्टनने मॅक्लारेन सोडून मर्सिडीजला जायचं ठरवलं, तेव्हा मर्सिडीज त्या वर्षी पाचवी होती आणि लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे त्याच संघात त्याने सहा विश्वविजेतेपदं घेतली. उलट फर्नांडो अलोन्सोने 2015 मध्ये फेरारी सोडून मॅक्लारेन धरली आणि तो संघ त्या वर्षी नववा आला. अलोन्सो कमी दर्जाचा ड्रायव्हर होता असं कोणीही म्हणणार नाही. त्याने बसायची गाडी चुकीच्या वेळी निवडली, एवढंच.

आता नीरेकडे परत येऊ. इथली जोडी का आणि कशी फुटली? नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, 1885 च्या सुमारास, वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी जमिनीत ऊस उभा राहिला. सासवडचे माळी बागायतदार या पाण्यामागे खाली उतरले, 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसलं, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले. उसाच्या काळ्या जमिनीला खोल नांगरट लागते आणि तोडलेला ऊस कारखान्यावर न्यायला गाडी लागते. म्हणजे या पट्ट्यात कितीतरी दशकं बैल हे आधी कामाचं जनावर होतं. शर्यत ही यात्रेच्या दिवशीची गोष्ट, आणि तिथे पळायची ती घरची जोडी, आठ दिवसांपूर्वी नांगराला असलेली. हाकायचा तो घरचा मुलगा किंवा गडी. अशा शर्यतीत निवड करायला फारसा वाव नसतो. जोडी ठरलेली, माणूस ठरलेला, आणि हरलं तर पुढच्या यात्रेची वाट बघायची.

ट्रॅक्टरने हे मोडलं. नांगर आणि वाहतूक दोन्ही त्याच्याकडे गेल्यावर शेतकऱ्याला दावणीला दोन बैल बांधून ठेवायचं कारणच उरलं नाही. कालव्याखालच्या बागायती गावांत हे आधी झालं, सुपे-मोरगावच्या जिरायती बाजूला सावकाश. ज्याला नाद होता त्याने बैल ठेवला, पण एकच ठेवला, आणि तो निवडून ठेवला. शर्यतीच्या खिलार बैलाचा खुराक, त्याच्या सरावाला लागणारा वेळ आणि एका चांगल्या खोंडाची किंमत बघता दोन अव्वल बैल एका दावणीला बांधणं फार थोड्यांच्या आवाक्यात राहिलं. मग तुझा एक, माझा एक, असा पैरा सुरू झाला. आधी शेजारच्या गावात आणि फोन आल्यावर शेजारच्या जिल्ह्यात. आज इंदापूरचा बैल सांगलीच्या बैलाबरोबर जुंपला जातो आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एकबैली शेतकरी काय आजचे आहेत? ज्याच्याकडे एकच बैल, तो शेजाऱ्याचा एक घेऊन औत धरायचा. सावड आणि वारंगुळा हे व्यवहार मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मग दोन दावणींची जोडी नवी कशी? माझं उत्तर असं की जुन्या सावडीत निवड नव्हती, अडचण होती. बांधाला बांध लागलेला शेजारी, त्याचा बैल कसा का असेना, पेरणीच्या घाईत तोच घ्यायचा, आणि उलट त्याला आपला द्यायचा. आजच्या पैऱ्यात शेजारधर्म कुठेच नाही. कोणता बैल उजव्या खांद्याला चालतो, कोणता डाव्या, कोण सुरुवातीला झपकन निघतो, कोण शेवटच्या टप्प्यात ओढतो, हे शेकडो चित्रफिती बघून, मैदानं पाहून, दुसऱ्याच्या जोडीत तो कसा पळाला हे तपासून ठरवलं जातं. दोन वेगवान बैल एकत्र जुंपले म्हणजे वेगवान गाडी होते असंही नाही. वेग जुळला नाही तर छकडा एका बाजूला ओढला जातो, चाकोरी सुटते, आणि चाकोरी सुटली की गाडी बाद. म्हणून दुसऱ्या फळीतला पण जुळणारा जोडीदार कित्येकदा पहिल्या फळीतल्या न जुळणाऱ्यापेक्षा मोलाचा ठरतो. मधल्या फळीतल्या मालकाला वर जायची जी एकमेव वाट आहे, ती हीच.

बंदीच्या काळाने या बदलाला आणखी धार लावली. केंद्र सरकारच्या 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने बैल हा खेळ-प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यतींवरही बंदी कायम केली. 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, पण तोही न्यायालयात अडकला, आणि 16 डिसेंबर 2021 च्या आदेशाने मैदानं पुन्हा खुली झाली. 18 मे 2023 ला घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. बैलाची जोमात पळायची वर्षं थोडी असतात, त्यामुळे या दशकात बैलांची एक अख्खी पिढी उघड मैदान न बघता म्हातारी झाली. 2021 नंतर जे सुरू झालं ते जुन्याचं चालू राहणं नव्हतं. बैल नवे होते, मालकांत मोठा भाग नव्यांचा होता, आणि बक्षिसं पूर्वी कुणी कल्पना केली नसेल अशी. एप्रिल 2023 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या मैदानात पहिलं बक्षीस थार गाडी होती, आणि ती जिंकली बकासुर आणि महिब या बैलांनी. दोन बैल, दोन वेगळ्या दावणी. त्या दिवशी जे सर्वांत वर घडलं, तेच खाली प्रत्येक गटात घडत होतं.

या नव्या नकाशात बारामती-इंदापूर कुठे बसतात? मला वाटतं, नेमके मध्ये. खिलार जनावर पैदा करणारा मुलूख नीरा-भीमेच्या पलीकडे, माणदेश, आटपाडी, सांगोल्याकडे. नवा पैसा पुण्याच्या कडेला, जिथे जमिनींना सोन्याचा भाव आला. बकासुर मुळशी तालुक्यातल्या सूसचा, हा काही योगायोग म्हणता येणार नाही. बारामती-इंदापूरच्या उसाच्या शेतकऱ्याकडे माणदेशी पैदासकाराची पिढीजात नजर पूर्ण नाही आणि मुळशी-हवेलीच्या मालकाची खर्चाची ताकदही नाही, पण दोन्ही थोडी-थोडी आहे. शिवाय जनावराच्या चालीकडे बघायची सवय इथल्या रस्त्यालाच आहे. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीला गोल रिंगणात अश्व सुटतो, आणि पालखीच्या रथाला दरवर्षी कोणाच्या बैलजोडीचा मान मिळाला याची चर्चा गावोगाव होते. तिथे अजून एका घरची जोडीच शोभते. मैदानात मात्र ती आता अपवाद.

ड्रायव्हरची गोष्ट याहून अवघड आहे. घरचा गडी जाऊन तो नावाजलेला हाकणारा झाला, एका दिवसात दोन-तीन मालकांच्या गाड्यांवर बसू लागला. त्यातल्या दोन फायनलला आल्या तर एक सोडावी लागते, आणि कोणती सोडली हे मालक विसरत नाही. मोठ्या बैलाच्या मागे बसलं तर नाव होतं, पण ते श्रेय बैलाला जातं. मधल्या बैलाला पुढे काढलं तर नाव ड्रायव्हरचं होतं, मात्र त्या खटपटीत मोसम निघून जायची भीती. हॅमिल्टनपुढे होता तोच पेच, फक्त इथे करारपत्र नसतं, शब्द असतो. कोणी म्हणेल, ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे. पळतो बैल, ड्रायव्हर केवळ कासरा धरतो. पण 2017 च्या दुरुस्तीनंतरचे नियम बघा. काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका नाही, पळायचं अंतर एक हजार मीटरच्या आत. मारून पळवायची सोय काढून घेतल्यावर हाकणाऱ्याकडे उरतो तो आवाज, हात आणि अंदाज. कायद्याने नकळत ड्रायव्हरचं कसब महाग केलं.

तुलना जिथे खरोखर तुटते ती जागा वेगळी. हॅमिल्टन संघ निवडतो, मालक पैरा निवडतो, ड्रायव्हर गाडी निवडतो. बैल काहीच निवडत नाही. प्राणिप्रेमी संघटनांचा मूळ आक्षेप हाच होता आणि परंपरेचा दाखला देऊन तो खोडता येत नाही, कारण आजची शर्यत परंपरेतून आली असली तरी परंपरेसारखी उरलेली नाही. तिचा बचाव करायचा तर तो नियम पाळूनच करावा लागेल. दुसरी पडती बाजू व्यवहाराची. लाखांचे सौदे तोंडी होतात, विसार दिला की नाही, बैल पळाला नाही तर पैसे परत का, याची लिखापढी नसते. जून 2024 मध्ये बारामती तालुक्यातल्या निंबूत इथे शर्यतीच्या बैलाच्या व्यवहारावरून गोळी चालली आणि एका माणसाचा जीव गेला. एखाद्या प्रसंगावरून सगळ्या नादाला गुन्हेगार ठरवू नये हे खरं, पण शब्दावर चालणारा व्यवहार गावकीत निभतो, तो जिल्ह्याबाहेरच्या बाजारात निभत नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून बारामती आणि इंदापूरच्या यात्रा कमिट्यांना, मैदानं भरवणाऱ्या मंडळांना एक मागणं आहे. फॉर्म्युला वनची 1950 पासूनची प्रत्येक शर्यत, त्यातला शेवटून पहिला आलेला ड्रायव्हरसुद्धा, नोंदीत सापडतो. आपल्याकडे फलकावर फक्त पहिला नंबर राहतो. चिठ्ठ्यांचे गट, प्रत्येक गाडीला जुंपलेले दोन्ही बैल आणि त्यांचे मालक, हाकणारा ड्रायव्हर, चाकोरी आणि निकाल, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, एका वहीत उतरवून ती वही ग्रामपंचायतीत किंवा देवस्थानात जपून ठेवा. जोडी ठरवताना आणि बैल विकताना दोन ओळींचा कागद करा, त्याची नक्कलही त्याच वहीला जोडा. खर्च एका वहीचा आहे.