पांडवलेण्यातील पताका ते देवळालीची तोफ

पांडवलेणी चढून गेला नाही असा आपल्यापैकी एकही माजी विद्यार्थी नसेल. शाळेची पहिली सहल बहुधा तिथेच गेली. पण तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या मागच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेल्या प्राकृत लेखाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले असेल. सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या राज्यवर्ष १९ मध्ये तो कोरवला. मुलाच्या पराक्रमाचे वर्णन करताना तिने एक विशेषण वापरले आहे : त्याची विजयपताका अपराजित होती. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा ‘पताका’ शब्द आपल्या नाशिकच्या दगडात आजही उभा आहे. त्याचा धागा धरून रणनिशाणांचा इतिहास पाहू.

आज आपण ध्वज आणि पताका हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. जुन्या वाङ्मयात त्यांत फरक होता. ध्वज म्हणजे मुख्यतः काठी आणि तिच्या टोकावरचे चिन्ह. पताका म्हणजे त्यावर फडकणारे कापड. महाभारतात प्रत्येक महारथ्याचे चिन्ह वेगळे आहे. अर्जुनाच्या ध्वजावर कपी, भीष्मांच्या ध्वजावर ताडाचे झाड, द्रोणांच्या ध्वजावर वेदी व कमंडलू, तर दुर्योधनाच्या ध्वजावर नाग. ही नुसती शोभा नव्हती. हजारो घोडे आणि रथ धावू लागले की धुळीत शेजारचा माणूस आपला की परका हे कळत नसे, आणि गलक्यात हुकूम ऐकू येत नसे. अशा वेळी डोक्यावर उंच दिसणारे चिन्ह हाच सैनिकाचा पत्ता. म्हणूनच महाभारतातले वीर प्रतिस्पर्ध्याचा ध्वज आधी तोडायला पाहतात.

ही गरज जगभर सारखीच होती. इजिप्तमध्ये इ.स.पूर्व ३१०० च्या सुमाराच्या नार्मर राजाच्या शिलापट्टावर राजापुढे चार निशाणधारी चालताना कोरले आहेत. रोमन सैन्यात प्रत्येक लीजनचा एक गरुड असे. इ.स. ९ मध्ये जर्मनीतील ट्युटोबर्गच्या अरण्यात तीन लीजन कापल्या गेल्या आणि तीन गरुड शत्रूच्या हाती पडले. ते सगळे परत मिळवायला रोमला ३२ वर्षे लागली. माणसे गेली त्याचे दुःख होतेच, पण गरुड गेल्याची नामुष्की रोमला सोसवत नव्हती.

निशाणाच्या या ताकदीला दुसरी बाजूही होती. सैन्य एका खुणेकडे पाहून लढत असेल, तर ती खूण दिसेनाशी होताच सैन्य मोडते. १६५८ मध्ये सामूगढच्या लढाईत दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहून आपला स्वामी पडला असे सैनिकांना वाटले आणि फौज उधळली.

मराठ्यांच्या इतिहासात भगव्या झेंड्याबरोबर जरीपटक्याला मोठा मान होता. हे भरजरी निशाण ज्या फौजेबरोबर चाले, ती फौज राज्याच्या अधिकाराने निघाली आहे असे समजत. त्यामुळे ते सांभाळणे हा बहुमान होता आणि जिवावरची जोखीमही होती, कारण शत्रूची नजर आधी तिथेच जाई. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईला फौज निघाली तेव्हा जरीपटक्याची काठी मोडली आणि लोकांनी तो अपशकुन मानला, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. जरीपटक्याची जबाबदारी असलेले मोरोपंत दीक्षित त्याच लढाईत पडले. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. सत्ता बदलली हे पुणेकरांना त्या दिवशी जाहीरनामा वाचून कळायची गरज नव्हती.

पुढे लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या आणि उंच निशाण म्हणजे शत्रूला आयते लक्ष्य ठरू लागले. ब्रिटिश पलटणींनी रणांगणात ध्वज नेल्याचा शेवटचा प्रसंग १८८१ चा, दक्षिण आफ्रिकेतील लँग्ज नेक येथील. तेव्हापासून पलटणींची निशाणे संचलनापुरती उरली. पण आपल्या शेजारी, देवळालीच्या तोफखान्यात, जुनी भावना वेगळ्या रूपात जिवंत आहे. तोफखान्याच्या परंपरेत वेगळा ध्वज नसतो. तोफ हेच त्यांचे निशाण. तोफ शत्रूच्या हाती पडू द्यायची नाही, या शिस्तीमागे रोमन गरुडाची आणि जरीपटक्याचीच कथा आहे.

आता पुन्हा गौतमीपुत्राकडे वळू. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. पराभूताचे निशाण उतरवून आपले चढवावे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की हे निशाण बाजारात, हातोहाती फिरत होते.

त्याची कापडी पताका केव्हाच विरून गेली. तिचे चिन्ह काय, रंग कोणता, काहीच उरले नाही. उरला तो आईने कोरवलेला शब्द, आणि तोही राजवाड्यावर कोरलेला नाही. भिक्षूंना राहण्यासाठी दान दिलेल्या लेण्यात आहे. अपराजित पताकेची आठवण तिने निःशस्त्र माणसांच्या ओसरीवर ठेवली, हे मला फार मोलाचे वाटते.

दुर्दैवाने आपल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांत आजही लोक खिळ्याने आपली नावे कोरतात. एका ओरखड्यात १९०० वर्षांचे अक्षर जाऊ शकते. म्हणून या मेळाव्याला आलेल्या सर्वांना विनंती : नातवंडांना घेऊन एकदा पांडवलेणी चढा, तिसऱ्या लेण्यातला तो लेख दाखवा, आणि भिंतीला हात न लावता तो कसा पाहायचा हेही शिकवा. निशाण राखायचे काम आता आपल्याकडे आहे.