पैठण ते काशी : भट्ट घराण्याचे स्थलांतर आणि त्याची कुलकथा

स्थलांतरित कुटुंबाचा इतिहास बहुधा उशिरा लिहिला जातो. गाव सोडणाऱ्या पिढीला लेखनाची उसंत नसते; आठवणी विरू लागल्या की वंशज जुन्या कागदांकडे वळतात. जमिनीवरून उठवले गेल्यामुळे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून कॅनडात गेलेल्या शेतकरी कुटुंबांचे वंशवृत्तांत असेच मागाहून सिद्ध झाले. विसाव्या शतकातील मराठी कुलवृत्तांतांचेही तेच. या पार्श्वभूमीवर काशीतील भट्ट घराण्याचे उदाहरण लक्षणीय ठरते. या घराण्याची कथा स्थलांतरानंतर दोनच पिढ्यांत, घराण्यातील शंकरभट्टांनी संस्कृतात लिहिली. 'गाधिवंशानुचरित' ही ती रचना होय. घराण्याचे गोत्र विश्वामित्र. विश्वामित्राचा पिता गाधी, म्हणून हे नाव. हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ मध्ये काशीतील दाक्षिणात्य पंडितांविषयी लिहिताना याच रचनेचा आधार घेतला.

कथेचा आरंभ पैठणच्या रामेश्वरभट्टांपासून होतो. विजयनगर, द्वारका असा प्रवास करीत ते अखेर काशीस स्थिरावले. पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ मधला, याच भ्रमंतीतला. जन्म वाटेवरचा आणि कीर्ती काशीची, हा योग स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीस साजेसाच आहे. काशी, प्रयाग व गया यांच्या यात्राविधींवरील 'त्रिस्थलीसेतु' हा त्यांचा ग्रंथ. विश्वेश्वर मंदिराच्या पुनर्बांधणीचे श्रेयही परंपरा त्यांना देते.

पुत्राने लिहिलेल्या पितृचरित्रात गौरवाचा सूर असणे स्वाभाविक आहे. म्हणून ही रचना घटनांची नोंद म्हणून जपून, आणि प्रतिष्ठेच्या मांडणीचे साधन म्हणून बारकाईने वाचावी लागते. परक्या नगरीत आलेल्या कुटुंबाजवळ वतन नव्हते, होती ती विद्या. त्या विद्येचा अधिकार सिद्ध करावयाचा तर कुळाचा पूर्वेतिहास सांगणे आवश्यकच होते.

पुढील पिढ्यांनी हा अधिकार ग्रंथांतून विस्तारला. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांचा 'निर्णयसिंधु' १६१२ मध्ये पूर्ण झाला आणि व्रते, तिथी व संस्कार यांच्या निर्णयासाठी महाराष्ट्रातही प्रमाण मानला गेला. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ यांनी 'भगवंतभास्कर' या ग्रंथाचे बारा मयूख रचले. त्यांतील 'व्यवहारमयूख' ब्रिटिश अमदानीत गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथील न्यायालयांत विशेष प्रमाण ठरला. बहीण भावाच्याच गोत्रात जन्मलेली असते, या युक्तिवादाने नीलकंठांनी तिला वारसाक्रमात आजीनंतरचे स्थान दिले होते; अन्यत्र तिला इतके वरचे स्थान नव्हते. काशीत बसून लिहिलेल्या एका ग्रंथाने पश्चिम किनाऱ्यावरील स्त्रियांचा दायहक्क असा ठरविला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापर्यंत त्याचा प्रभाव टिकला.

पाचव्या पिढीतील विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट हे नारायणभट्टांचे पणतू. पणजोबांच्या नावाशी जोडलेले विश्वेश्वर मंदिर १६६९ मध्ये पाडले गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. मात्र पैठण सोडून गेलेल्या घराण्याचा शब्द महाराष्ट्रात राजत्व प्रमाणित करण्यास हवा होता, हे निर्विवाद आहे. तो गावी राहिलेल्या पंडिताचा शब्द नव्हता. काशीचा होता, आणि तरीही परका नव्हता. हे दुहेरी नातेच या घराण्याचे खरे भांडवल.

स्थलांतराच्या साहित्यात मूळ भूमी बहुधा हरवलेली वस्तू म्हणून येते. भट्ट घराण्याच्या बाबतीत ती वाचकवर्ग म्हणून, यजमान म्हणून उरली. त्यांनी लिहिले संस्कृतात, म्हणून मराठी वाङ्मयेतिहासाने त्यांना आपले म्हटले नाही. आणि संस्कृतच्या इतिहासात त्यांचे मराठीपण 'दाक्षिणात्य' या विशेषणात विरून गेले. भाषेच्या सीमेवर थांबणाऱ्या वाङ्मयेतिहासाला हे घराणे दिसत नाही. ते दिसावयाचे तर पैठण, काशी आणि रायगड ही तीन स्थळे एकाच वंशवृक्षावर ठेवून वाचावी लागतील.