सागरगोट्यातला सागर

नागपुरात मराठी घरातले सागरगोटे शेजारच्या हिंदी घरात गुट्टे होतात. खेळ तोच. गोटे जमिनीवर पसरायचे, एक वर उडवायचा आणि तो खाली येईस्तोवर बाकीचे उचलून त्यालाही झेलायचं. गोटा, गोटी, गुट्टा एकाच कुळातले; सुक्या नारळात सुटून खुळखुळणारा खोबऱ्याचा गोटाही त्यांचाच भाऊबंद. गोलसर आणि कडक, एवढंच त्यांचं म्हणणं. कोडं आहे ते सागराचं. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने आठशे किलोमीटरांपलीकडे, मग तो ओसरीवरच्या खेळात कसा?

आज मुली नदीतले खडे घेतात, फरशीचे तुकडे घेतात, पण मूळ सागरगोटा म्हणजे एका काटेरी वेलीची करडी, गुळगुळीत बी. गजगा हेही तिचंच नाव. संस्कृतात ती कुबेराक्ष, कुबेराचा डोळा. बाळगुटीतही ती उगाळतात. तिच्या कवचातून पाणी शिरत नाही आणि आत पोकळी असते, म्हणून ती महिनोन्महिने समुद्रावर तरंगत जाते आणि परक्या किनाऱ्यावर रुजते. स्कॉटलंडच्या बेटांवर वाहून आलेल्या अशा बिया लोक मुलांच्या गळ्यात ताईत म्हणून बांधत. समुद्रकाठी कुणीतरी हा प्रवास पाहूनच नाव ठेवलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

खरा हर्ष मला झाला तो तिच्या शास्त्रीय नावाने. लिनियसने १७५३ मध्ये तिला ग्विलँडिना बोंडक म्हटलं. बोंडक म्हणजे अरबी 'बुंदुक', टणक कवचाचं हेझलनट. तेवढ्याच मातीच्या गोळ्या धनुष्याने मारत, त्याही बुंदुक झाल्या. पुढे शिशाच्या गोळ्या आल्या, आणि त्या उडवणारं हत्यार आपल्याकडे बंदूक होऊन पोचलं. खेळातली बी आणि शिपायाची बंदूक, दोघींचं आजोळ एक! अरबीत हा शब्द आला ग्रीक 'पोंतिकोन'वरून, म्हणजे पोंतोसचं फळ. पोंतोस हा काळ्या समुद्राच्या दक्षिण काठचा मुलूख, आणि ग्रीकमध्ये पोंतोस म्हणजे समुद्रच. मराठीत उघडा दिसणारा सागर शास्त्रीय नावात दोन भाषांच्या खाली दडला आहे. दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. निव्वळ योगायोग, पण किती देखणा.

भाषाशास्त्रज्ञ पोंतोसचं नातं संस्कृत 'पन्थाः'शी लावतात. वारकरी ज्याला पंथ म्हणतात, तो शब्द त्याच घरचा. ग्रीकांनी समुद्राला ओलांडून जायची वाट मानलं, आणि सागरगोट्याची बी त्याच वाटेने देशोदेशी गेली.