ठसा आणि निवाडा

देवळातील फंडपेटी फुटली, तर पोलीस येईपर्यंत तिला कोणी हात लावू नये, ही सूचना आता लहान मुलांसही ठाऊक असते. चोर पळाला तरी त्याच्या बोटांची खूण मागे राहते, असा आपला विश्वास आहे. हा विश्वास आला कोठून व त्यावर किती भार टाकावा, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. कारण या शास्त्राचा पाया ज्या थोड्या ठिकाणी घातला गेला, त्यांत आपला बंगाल अग्रभागी होता.

१८५८ साली जंगीपूर येथील अधिकारी विल्यम हर्शेल याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा कागदावर घेतला. हेतू चोर धरण्याचा नव्हता. पुढे करार नाकारता येऊ नये, एवढाच होता. नंतर अनेक वर्षे ठसे जमवून त्याने ताडून पाहिले, तेव्हा वय वाढले तरी बोटांवरील रेषा पालटत नाहीत, असे त्यास आढळले.

परंतु हजारो ठशांतून हवा तो शोधावा कसा? हा प्रश्न बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालील दोघा भारतीयांनी सोडविला. अझीझुल हक यांनी गणिताच्या आधारे ठशांची १०२४ खणांत वर्गवारी बसविली. हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्णन तारेने कळविण्याची सांकेतिक पद्धत रचली. १८९७ साली कलकत्त्यास ठसे कार्यालय स्थापन झाले आणि १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डाने हीच पद्धत स्वीकारली. नाव मात्र तिला हेन्रींचे पडले.

याच सुमारास जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला व त्याची पेटी लुटली गेली. पेटीतील बंगाली पंचांगवजा पुस्तकावर रक्ताचे पुसट डाग होते. त्यांतील एक ठसा, पूर्वी त्याच्याच चाकरीत असलेल्या व चोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी ठरविले. खुनाबद्दल मात्र नाही, कारण ते कृत्य करताना त्यास कोणी पाहिले नव्हते. हात पेटीपर्यंत पोहोचला हे ठशाने सिद्ध झाले. सुरी कोणी चालविली, हे त्याने सांगितले नाही. नव्या साधनाची ऐट ऐन भरात असताना न्यायालयाने राखलेला हा विवेक आम्हांस त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

हा विवेक सर्वत्र टिकला नाही. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदणी झालेल्या माणसांचे ठसे, त्यांनी काही अपराध केलेला नसतानाही, घेण्याची मुभा पोलिसांस दिली. जन्म हाच जेथे पुरावा ठरला, तेथे शास्त्र निर्दोष असून काय उपयोग? तो कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणामागे दिवस कंठलेल्या कुटुंबांच्या वारसांस तो कलंक अजूनही सोसावा लागतो.

शिवाय जुळणी करणारा डोळा शेवटी माणसाचाच. २००४ साली माद्रिदच्या आगगाड्यांतील बाँबस्फोटानंतर अमेरिकेच्या एफबीआयने एका पिशवीवरील ठसा आपल्याच देशातील एका वकिलाचा ठरविला व त्यास सुमारे दोन आठवडे अटकेत ठेविले. तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे स्पॅनिश पोलिसांनी दाखवून दिल्यावर क्षमा मागण्याची पाळी आली.

आज आपल्याकडे खणांच्या कपाटांची जागा संगणकाने घेतली आहे. २०२२ साली राष्ट्रीय ठसेजुळणी यंत्रणा सुरू झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने बुबुळांच्या नोंदीही घेण्यास वाव दिला आणि नोंदी ७५ वर्षे जपण्याची तरतूद केली. शोधाचा वेग वाढला, ही समाधानाची गोष्ट होय. फंडपेटी फोडणारा सापडावा, असे आम्हांसही वाटते. पण संशयिताचे नाव यंत्राने काढून दिले की गावाने त्यास लगेच चोर म्हणू नये. ठसा साक्ष देतो. निवाडा माणसानेच करावयाचा असतो.